बाबांची सोनेरी रांग

हे खरं तर मी सांगायचं नाहीये. बाबांनी बजावलंय, बाकी काय हवं ते सांग, पण आपण तिकिटं कुठल्या रांगेतून काढली ते कुणाला सांगायचं नाही. आता मला एखादी गोष्ट सांगू नको असं बजावायची कुणाला गरज पडते का? मी मुळात बोलतच नाही. वर्गात हजेरीला मी "हजर" म्हणते तेसुद्धा इतकं हळू की बाईंनी मला पहिल्या बाकावर बसलेली असताना गैरहजर लावलंय, आणि ते लावताना मी बघत होते, आणि तरी काही बोलले नाही. म्हणून तर घरात मला बडबडी म्हणतात. पण तुम्ही तिघी आता मला निरोप द्यायला आलाच आहात, माझ्या बॅगेवर बसलाच आहात, आणि आई आत पासपोर्ट शोधतेय, जे तिच्याच पर्समध्ये आहेत, तर ऐका. फक्त उठू नका. उठलात की झाकण वर येतं.

तर आमचे बाबा. बाबा छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करतात. कुठल्या तरी गावातलं यंत्र अडतं, कंपनी बाबांना विमानात बसवते, बाबा तिथे जाऊन यंत्राच्या पोटात हात घालतात, परत येतात, आणि त्यांच्या नखांतली शाई जायच्या आत दुसरं यंत्र अडतं. आता विमान कंपनी काय करते, प्रत्येक फेरीला पॉइंट देते. पॉइंट साठले की फुकट तिकीट. साधी गोष्ट आहे की नाही? साधी माणसं काय करतात? पॉइंट साठले की तिकीट काढतात आणि कुठेतरी जाऊन येतात. आमचे बाबा पॉइंट साठले की आणखी साठवतात. आई म्हणायची, समुद्र बघायला जाऊ. बाबा म्हणायचे, "आत्ता नको. वाढतील." डोंगर बघायला जाऊ. "आत्ता नको. वाढतील." बरं, ते नुसते विमानानेच वाढतात असंही नाही, त्यांचं एक कार्ड आहे, त्या कार्डावर काहीही घेतलं की पॉइंट मिळतात, आणि अमुक महिन्यात इस्त्री घेतली तर दुप्पट मिळतात, म्हणून आमच्या घरात तीन इस्त्र्या आहेत. कपडे तेवढेच आहेत. मी त्यातल्या एकीने माझा गणवेश करते, आई दुसरीने तिचा कोट करते, तिसरी अजून खोक्यात आहे, तिला बाबा पाहुणी म्हणतात.

आई औषधाच्या दुकानात काम करते, ते तुम्हाला माहीत आहे. तिचा दिवस डबीच्या मागची तारीख वाचण्यात जातो. ती बाबांना एकच गोष्ट सांगायची, "अहो, औषधालासुद्धा तारीख असते. तारीख गेली की आम्ही ते टाकून देतो, कितीही महागाचं असलं तरी." बाबा म्हणायचे, "औषध वेगळं, पॉइंट वेगळे." आई म्हणायची, "हो ना, औषध कुणीतरी घेतं तरी."

आणि मग ताईचा फोन आला. ताई कुठे राहते ते तुम्हाला माहीतच आहे, इतकी लांब की तिच्याकडे सकाळ झाली की आम्ही भांडी घासून झोपायला निघालेलो असतो. ताईला बाळ होणार आहे. ताईने आईला विचारलं, "आई, तू त्या वेळी इथे असशील ना?" बस, एवढंच. आणि आई, जी दिवसभर अनोळखी माणसांना बिनधास्त सांगते की ही गोळी अशी घ्या, तशी घेऊ नका, ती आई फोनवर म्हणाली, "बघू. बाबांचं काय ते ठरतंय." आणि फोन ठेवून तिने स्वयंपाकघरातला पुसलेला ओटा पुन्हा पुसला. लग्न होऊन ताई गेली त्यानंतर आम्ही तिला नुसती पडद्यावर बघितलीय, आणि तीसुद्धा अर्धी, कारण ती फोन नेहमी हनुवटीच्या खाली धरते. तिचा आवाज, तिची हनुवटी आणि तिच्या घराचं छत. मला त्या छताची आता चांगली ओळख झालीय.

त्या दिवशी आईने बाबांना विचारलं नाही, सांगितलं. "मला जायचंय." बाबा म्हणाले, "हो, हो, जाऊ की. फक्त आत्ता..." आणि आईने नुसतं बघितलं, तर बाबांनी ते वाक्य तसंच गिळलं आणि म्हणाले, "परिषदेत बघू."

ही परिषद म्हणजे काय, तर जगात माझ्या बाबांसारखी आणखी माणसं आहेत, आणि ती वर्षातून एकदा एका हॉटेलात जमतात. आई तिला मेळावा म्हणते, बाबांना ते आवडत नाही. यंदा तिथे विमान कंपनीचे लोक येऊन ताईच्या गावाला जाणाऱ्या नव्या विमानाच्या जागा पॉइंटांवर देणार होते. थेट विमान, मध्ये कुठे उतरायचं नाही, आणि जागा मोजक्याच. बाबा म्हणाले, "तिथे मी सोनेरी सदस्य आहे, म्हणजे सगळ्यात जास्त उडणाऱ्यांतला, मला काय अडचण आहे?" आईने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "बडबडे, तू जा बरोबर. ते पुन्हा वाढतील-वाढतील करायला लागले, तर मला फोन कर." म्हणजे बघा, अख्ख्या घरात राखणदार म्हणून कुणाला पाठवलं, तर जिला गैरहजर लावतात तिला.

आता ते हॉटेल इथून बसने सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोहोचता येईल इतकं जवळ आहे. आम्ही विमानाने गेलो. तेसुद्धा सरळ नाही. आधी उलट्या दिशेला गेलो, तिथे एका विमानतळावर बसून राहिलो, मग दुसऱ्या विमानाने परत आमच्याच शहरावरून उडत पुढे गेलो. मला खिडकीतून आपल्या शाळेचं मैदान दिसलं. मी बाबांना म्हटलं, "बाबा, शाळा." बाबा म्हणाले, "हो, पण या मार्गाने पॉइंट जास्त."

मी शाळेलाच हात केला.

तर ती परिषद. दारातच एका बाईंनी सगळ्यांच्या गळ्यात पट्टे घातले. सोनेरी सदस्यांना सोनेरी पट्टा, आणि सोबत आलेल्यांना हिरवा. मला हिरवा मिळाला. अख्ख्या दिवाणखान्याएवढ्या नाही, चार दिवाणखान्यांएवढ्या त्या सभागृहात जिकडे बघावं तिकडे सोनेरी, आणि मध्ये एकटी हिरवी मी, म्हणजे भाताच्या ताटात मिरची पडावी तसं. आणि ही माणसं एकमेकांना भेटली की नाव विचारत नाहीत. "तुम्ही किती वर्षं सोनेरी?" असं विचारतात. बाबांना आमच्या इमारतीत शेजारच्यांशी बोलताना घाम फुटतो, तुम्हाला सांगते, आणि तिथे बाबा खांद्यावर हात टाकून हसत होते, एका दातांच्या डॉक्टरांशी तर अशी गट्टी जमली की दोघे एकाच बशीतली बिस्किटं खात होते. मी बाबांना इतकं मोकळं कधी बघितलं नव्हतं. ते बघून मला रागवावं की बरं वाटून घ्यावं तेच कळेना.

या डॉक्टरांचंच पहिलं भाषण होतं. ते दर रविवारी विमानाने कुठेतरी जातात आणि त्याच विमानाने परत येतात. पडद्यावर त्यांनी जगाचा नकाशा दाखवला, त्यावर लाल रेघाच रेघा, म्हणजे बाळाने खडू फिरवल्यासारख्या. मागून कुणीतरी विचारलं, "डॉक्टर, यातलं सगळ्यात सुंदर शहर कोणतं?" डॉक्टर जरा गोंधळले. मग म्हणाले, "शहराचं मी कसं सांगू? बाहेर पडलं तर परतीचं विमान चुकतं." आणि टाळ्या. मी इकडेतिकडे बघितलं, कुणी हसतंय का, तर कुणीच नाही, पुढच्या रांगेतल्या एक आजी तर ते लिहून घेत होत्या.

दुसरे एक काका होते, त्यांना सगळे सूपकाका म्हणत, कारण प्रत्येक विमानतळावर सोनेरी सदस्यांना बसायला जी सोनेरी खोली असते, तिथलं सूप पिऊन ते त्याला मार्क देतात. खिशात स्वतःची मिठाची डबी. त्यांनी मला विचारलं, "तू कोणाबरोबर आलीस, बाळ? अजून हिरवी? काही हरकत नाही, वय काय तुझं, होशील." म्हणजे मी आजारी आहे आणि बरी होणार आहे, असं.

आणि एक मी बघितलं, ते मला कुणाला तरी सांगायचंच होतं. भाषण करणारा माणूस "शेवटचा मुद्दा" असं म्हणाला रे म्हणाला की सगळं सभागृह एकदम उठायचं. उठून खुर्चीखालची बॅग काढून खांद्याला लावून, माना वाकड्या करून, दोन खुर्च्यांच्या मधल्या वाटेत एकमेकांना चिकटून उभं. दार बंद. भाषण चालू. आणि तरी उभे. विमान उतरल्यावर करतात ना, तस्सं. तो बिचारा शेवटचा मुद्दा त्यांच्या पाठीला सांगायचा.

मग चहा झाला आणि त्या जागांची वेळ आली.

नीट ऐका आता. उठू नका म्हटलं ना. सभागृहाच्या टोकाला विमान कंपनीने दोन टेबलं मांडली होती. एका टेबलापुढे लाल सतरंजी, दोन्ही बाजूंना मखमली दोर, वर पाटी: सोनेरी सदस्य. दुसऱ्या टेबलापुढे नुसती फरशी, आणि पाटी: इतर. मागे भिंतीवर मोठा पडदा, त्यावर जागा किती उरल्या तो आकडा. जागा दोन्ही टेबलांना त्याच. विमान तेच. हे त्यांनी माईकवरून दोनदा सांगितलं. आणि सांगून संपायच्या आत अख्खं सभागृह लाल सतरंजीवर. रांग सतरंजी संपवून दारातून बाहेर गेली, जिन्यापाशी वळली, आणि बायकांच्या स्वच्छतागृहावरून पुढे कुठे गेली ते मला दिसलं नाही. बाबा तिथे, उघड्या दारातून समोर दिसणाऱ्या जिन्याच्या वळणावर. त्यांच्या पुढे डॉक्टर. मागे सूपकाका. बाबांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. म्हणाले, "बघितलंस, केवढी रांग? सगळी आपली माणसं."

आणि दुसऱ्या टेबलापुढे कोण होतं? कुणी नाही. एक माणूस नाही. टेबलामागच्या ताई लिमलेटच्या गोळीचा कागद उलगडत होत्या, इतक्या सावकाश की त्यांना ती गोळी दिवसभर पुरवायची असावी.

मी बाबांचा हात ओढला. "बाबा, ती रांग रिकामी आहे."

"ती आपली नाही."

"पण जागा त्याच आहेत."

"जागा त्याच असतील. रांग ती नाही."

डॉक्टर मागे वळून म्हणाले, "बाळ, माणूस एकदा तिकडे उभा राहिला ना, की लोक बघतात." सूपकाका म्हणाले, "आणि लक्षात ठेवतात."

पडद्यावरचा आकडा कमी होत होता. सोनेरी टेबलापाशी प्रत्येक जण आधी आपण किती वर्षं सोनेरी आहोत ते सांगत होता, मग खिडकीची जागा, मग पंखाच्या पुढची, मग सूप कोणतं असेल. रांग जेमतेम हलत होती, पण एकेक जण घरभराच्या जागा घेत होता आणि आकडा उतरत होता. मी म्हटलं, "बाबा, आपला नंबर यायच्या आत संपतील." तर बाबा पडद्याकडे बघून, आणि हे त्यांनी अगदी शांतपणे म्हटलं, म्हणाले, "नाही मिळाल्या तर नाही. पुढच्या वर्षी. तोपर्यंत वाढतील."

मी जिन्याखाली जाऊन आईला फोन लावला. दुकानात गर्दी होती. "ही जेवणानंतर, हिच्यावर दूध नको... हं, बोल." मी सगळं सांगितलं. जितकं हळू सांगता येईल तितकं हळू. आईने विचारलं, "तुझ्या गळ्यात कोणता पट्टा आहे?"

"हिरवा."

"मग तू कुणाची वाट बघतेस?" आणि पलीकडे कुणाला तरी म्हणाली, "नाही, तुम्हाला नाही म्हटलं, तुम्ही खोकल्याचं घ्या."

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, जायचं आणि मागायचं. तुम्ही म्हणालच. तुम्ही दुकानात जाऊन सुटे परत मागता. मी बसमध्ये "थांबवा" म्हणता आलं नाही म्हणून पुढच्या थांब्यावरून चालत घरी आलेली मुलगी आहे. आणि त्या टेबलापर्यंत जायचं म्हणजे सगळं सभागृह ओलांडायचं, आणि रांगेतल्या माणसांना काही काम नाही, ती सगळी माझ्याकडे बघणार. बघितलंच त्यांनी. माझ्या बुटांचा इतका आवाज होतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

टेबलामागच्या ताईंनी गोळी गालात सारली. "बोल."

मी बोलले. त्या म्हणाल्या, "काय?" मी पुन्हा बोलले. त्या पुढे वाकल्या. "जरा मोठ्याने बोल गं, इथे काय गर्दी आहे का?" तिसऱ्यांदा मी म्हटलं, "तीन. आई, बाबा आणि मी. माझ्या ताईकडे." आणि बाबांचा सदस्य क्रमांक म्हणून दाखवला, कारण तो मला पाठ आहे. लहानपणी इतर मुलांना आई-वडील घरचा पत्ता पाठ करायला लावतात, हरवलो तर सांगायला. मला बाबांनी तो क्रमांक पाठ करायला लावला होता. टेबलामागच्या ताईंनी टपटप केलं आणि त्या म्हणाल्या, "जागा आहेत. सदस्यांच्या फोनवर कोड गेलाय, तो सांग. लवकर सांग, उरल्यात याच."

कोड बाबांच्या फोनवर. बाबा जिन्याच्या वळणावर.

मी वळले. बाबांच्या हातात फोन होता आणि ते त्याच्याकडे असे बघत होते की जणू फोनने त्यांना चावा घेतलाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे पॉइंट खर्च व्हायला निघाले होते. त्यांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग मी कुठल्या पाटीखाली उभी आहे ते बघितलं.

"बाबा, कोड."

ऐकू गेलं नाही. मी परत म्हटलं, मोठ्याने. इतक्या मोठ्याने की माईक तपासणारा माणूस दचकला. "बाबा, कोड सांगा."

सगळी रांग बाबांकडे वळली. डॉक्टर म्हणाले, "सांगू नका. दिवाळखोरी आहे ही. दोन महिने थांबा, बोनस येतोय." सूपकाका म्हणाले, "एवढी वर्षं सांभाळलेत, आता एका विमानात घालवणार?" बाबांचं तोंड उघडलं, आणि मला कळलं ते काय म्हणणार आहेत, मला ते शब्द त्यांच्या ओठांवर दिसलेच, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, बाळ पण वाढेल. आपले पॉइंट पुरेसे होईपर्यंत ते शाळेत जायला लागेल. मग ते आपल्याला काका-काकू म्हणेल."

तुम्हाला सांगते, इतकी शांतता झाली की टेबलामागच्या ताईंच्या गालातली गोळी दातावर वाजलेली ऐकू आली.

बाबांनी चष्मा वर केला. मग त्यांनी तो कोड वाचला. जिन्याच्या वळणावरून, सगळ्यांसमोर, एकेक आकडा. प्रत्येक आकड्याला डोळे मिटून घेत होते, डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यासारखे. एका आकड्याला तर डॉक्टरांनीच त्यांचा खांदा धरला. आणि मी तो आकडा ऐकून टेबलाला सांगायचे, बाबा पुढचा वाचायचे, मी पुढचा सांगायचे. शेवटचा सांगितला आणि मागच्या पडद्यावरचा आकडा शून्य झाला. सोनेरी रांगेतून एक मोठा उसासा आला, सगळ्यांचा मिळून एक.

परत आले तर बाबा रांगेतच उभे. मी म्हटलं, "बाबा, झालं, चला." तर म्हणाले, "थांब गं. आता एवढा वेळ उभा आहे तर पुढे जाऊन येतो." आणि गेले खरंच. जागा संपलेल्या टेबलापाशी जाऊन, आपण किती वर्षं सोनेरी ते सांगून आले.

घरी आल्यावर आईने तिकिटं बघितली, तीन नावं पुन्हा पुन्हा वाचली, डबीच्या मागची तारीख वाचते तशी, आणि ताईला फोन लावला. ताई रडली की हसली ते कळलं नाही, कारण छतच दिसत होतं, पण छत हलत होतं. बाबासुद्धा चष्मा पुसत होते. म्हणाले, "बरं झालं गं." आणि मला वाटलं, चला, संपलं.

संपलं कसलं? दुसऱ्या दिवशी बाबांना कळलं की पॉइंटांवर काढलेल्या तिकिटावर नवे पॉइंट मिळत नाहीत. एवढं लांब उडायचं आणि एक पॉइंट नाही. जेवले नाहीत नीट. आई म्हणाली, "अहो, मुलीकडे चाललो आहोत आपण." बाबा म्हणाले, "मी कुठे नाही म्हणतोय? मी येणारच. फक्त जरा वेगळ्या वाटेने." आणि त्यांनी स्वतःची जागा परत केली आणि विकतचं तिकीट काढलं, इकडून तिकडे, तिकडून पलीकडे, सगळ्यात जास्त पॉइंट देणाऱ्या वाटेने, आणि आमच्या आधी पोहोचायचं म्हणून परवाच निघाले. ताईने काल विचारलं, "बाबा कुठे आहेत?" आई म्हणाली, "हवेत."

आणि मघाशी, तुम्ही यायच्या जरा आधी, त्यांचा निरोप आला, "उतरलो." आईने विचारलं, "कुठे?" तर म्हणाले, "इथेच." म्हणजे इथेच, आपल्या विमानतळावर. त्यांची वाट इथूनच पुढे जाते. परवा निघालेला माणूस दोन समुद्र ओलांडून परत आपल्याच गावात, आतल्या बाजूला, सोनेरी खोलीत सूप पीत बसलाय, त्याला बाहेर येता येत नाही, आणि आता आमचं विमान त्याच्या आधी...

"बडबडे, टॅक्सी आलीय, गप्पा पुरे. आणि बाबांचा स्वेटर घे वरून, गारठलेत म्हणे."

आले, आई. उठा गं आता, सावकाश, एकेक जण. तर मी काय सांगत होते, ते पुढे ज्या विमानाने जाणार आहेत ना, ते आधी उलट्या दिशेला